आधी जागा, मग क्रेडिट, शेवटी टीसी

(पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर बेळगावात केलेलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त थोडं आवरून घेतलंय.)



मे-जून आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न येतो. "ताई, इथलं कॉलेज सोडून दुसऱ्या वर्षाला कोल्हापूरला जाता येतं काय?" निपाणी-खानापूरची पोरं कोल्हापूर म्हणतात, भालकीची पोरं लातूर-नांदेड म्हणतात, कारवारची पोरं गोवा म्हणतात. गावं बदलतात, प्रश्न तोच. मी उत्तर एका शब्दात देते: येतं. आणि लगेच दुसरं वाक्य जोडते: पण टीसी काढू नको अजून.

आज मला एवढंच सांगायचंय. टीसी का काढायची नाही, कधी काढायची, आणि त्याच्या आधी काय काय हातात यायला पाहिजे.

हे इतकं जोर देऊन का सांगते? कारण नाव कापून घेतलं आणि पुढं जागा मिळाली नाही, की पोरगं घरी बसतं. एक वर्ष जातं. पोराचं वर्ष गेलं तर तो कुठंतरी कामाला लागतो आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो. पोरीचं वर्ष गेलं तर घरात स्थळं बघायला सुरुवात होते. तुम्हाला सगळ्यांना अशी एक तरी मैत्रीण ठाऊक असेल. तिचं शिक्षण थांबलं ते हुशारी कमी पडली म्हणून नव्हे. दोन ऑफिसांच्या मध्ये एक कागद अडकला म्हणून.

आता मुळात हे एवढं अवघड का आहे ते बघू. दोन्हीकडं सरकारी विद्यापीठंच आहेत. दोन्हीकडं यूजीसी एकच. मग इकडून तिकडं जायला त्रास का?

शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही. दर्जा, पदवीची नावं, क्रेडिटची चौकट ही केंद्राच्या बाजूनं यूजीसी ठरवते. पण विद्यापीठ जन्माला येतं ते राज्याच्या कायद्यातून. इकडं कर्नाटक राज्य विद्यापीठ कायदा, २०००. तिकडं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६. त्यामुळं पदवी देशभर चालते, पण अर्धवट झालेली पदवी आपोआप चालत नाही. पूर्ण झालेल्या पदवीला यूजीसी कायद्याच्या २२ व्या कलमाचा आधार आहे. अर्ध्या पदवीचं काय करायचं ते समोरचं विद्यापीठ ठरवतं.

आपल्या भागानं तर हे फार जवळून बघितलंय. बेळगावातली जुनी कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाची होती. मग धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडं गेली. २०१० ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, तेव्हा त्याच्याकडं आली. कॉलेज जागचं हललं नाही, बाक तेच, फळा तोच, आणि आजोबा, बाबा, नातू यांच्या पदवीवर तीन वेगळ्या विद्यापीठांची नावं. तेव्हा विद्यापीठ बदललं ते सरकारनं बदललं. आता तुम्हाला स्वतःहून बदलायचंय, एवढाच फरक.

बदली तीन प्रकारची असते. आपली कुठली ते आधी ओळखा.

पहिली, विद्यापीठ तेच, कॉलेज वेगळं. खानापूरच्या कॉलेजातून बेळगावच्या कॉलेजात, दोन्ही राणी चन्नम्माची. ही सगळ्यात सोपी. दोन्ही प्राचार्यांची ना हरकत आणि विद्यापीठाची परवानगी, बहुतेक काम तेवढ्यात होतं. अभ्यासक्रम तोच असतो, त्यामुळं क्रेडिटची भानगड नाही. फक्त तुमचे विषय तिथं शिकवतात काय ते बघायचं. इंजिनिअरिंगवाल्यांनो, व्हीटीयूचं मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे, पण विद्यापीठ राज्यभराचं. तुमची कॉलेज-बदली त्या एकाच छत्राखाली होते, तिचं परिपत्रक वेगळं निघतं, ते बघा.

दुसरी, राज्य तेच, विद्यापीठ वेगळं. बेळगावातून धारवाडला. इथं मायग्रेशन लागतं, समकक्षता बघतात, पण राज्याचं धोरण एकच असल्यानं वर्षांचा आणि विषयांचा सांगाडा बराचसा जुळतो.

तिसरी, राज्याची हद्द ओलांडून. बेळगावातून कोल्हापूरला, बिदरातून नांदेडला, कारवारातून गोवा विद्यापीठाकडं. इथं सांगाडाच वेगळा, शिष्यवृत्ती वेगळी, आरक्षणाची यादी वेगळी. माझ्याकडं येणारे दहातले बहुतेक प्रश्न हेच असतात, म्हणून बाकीचं भाषण या तिसरीवरच.

लक्षात ठेवा, या बदलीत तीन निर्णय असतात आणि ते तीन वेगळी माणसं घेतात. जागा आहे काय, हे नवं कॉलेज ठरवतं. तुमचे झालेले क्रेडिट धरायचे काय, हे नवं विद्यापीठ ठरवतं. तुम्हाला सोडायचं, हे जुनं कॉलेज आणि जुनं विद्यापीठ करतं. एकानं हो म्हटलं म्हणजे दुसऱ्यानं म्हटलं असं होत नाही. कॉलेजातला क्लार्क "ये की, जागा आहे" म्हणाला, म्हणजे विद्यापीठानं तुमचं पहिलं वर्ष मानलं असा अर्थ नाही. आणि आपली पोरं नेमकं उलट्या क्रमानं जातात. आधी इथं भांडून टीसी काढतात, मग तिकडं जाऊन जागा हुडकतात.

क्रम असा ठेवा: आधी जागा, मग क्रेडिट, शेवटी टीसी. तिन्ही लेखी.

"पण ताई, तिकडचे म्हणतात आधी जुन्या कॉलेजचा कागद आणा." बरोबर. त्यांना त्या वेळी पाहिजे असते एनओसी, ना हरकत. ना हरकत आणि टीसी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ना हरकत म्हणजे "ही विद्यार्थिनी गेली तर आमची हरकत नाही." ती घेतली तरी तुमचं नाव इथल्या हजेरीपटावर राहतं. टीसी घेतली की नाव गेलं. म्हणून सुरुवातीला मागायची ती ना हरकत. तिकडं कोण "एलसी आणा" म्हणालं तर गोंधळू नका. महाराष्ट्रात ज्याला एलसी म्हणतात, तीच आपली टीसी. आणि मायग्रेशन हा तिसराच कागद. तो कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं, आणि तो शेवटी लागतो, पात्रता पक्की करायला. सुरुवातीला तात्पुरता प्रवेश देऊन मायग्रेशनला मुदत देतात काय, हे विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी देतात.

आता क्रेडिट. इथं जरा वेळ काढून ऐका, कारण खरी गोची इथं आहे.

तुमच्या सगळ्यांचं एबीसी खातं आहे. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. यूजीसीनं २०२१ च्या जुलैत त्याचे नियम काढले. बारा आकडी नंबर असतो, डिजिलॉकरमध्ये दिसतो. तुम्ही पास झालेल्या पेपरचे क्रेडिट विद्यापीठ त्यात जमा करतं. तुम्ही स्वतः जमा करू शकत नाही. जमा झालेलं क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतं.

मग लोकांना वाटतं, बँक आहे ना, इथं भरलं, तिथं काढलं. तसं नाही होत. बँक फक्त एवढं सांगते की या मुलीनं हे क्रेडिट खरंच मिळवलेत. ते आपल्या पदवीत धरायचे की नाही, हे नवं विद्यापीठ ठरवतं. बँकेमुळं तुमचा पुरावा पक्का झाला. तुमचा प्रवेश पक्का झाला नाही.

त्यात एक हिशेब आहे, तो वहीत लिहून घ्या. एबीसीच्या नियमांप्रमाणं, जी संस्था पदवी देणार, तिथं किमान निम्मे क्रेडिट मिळवलेले पाहिजेत. तीन वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची धरा, वर्षाला ४०. पहिलं वर्ष संपवून गेलात तर हातात ४०, तिकडं करायचे ८०. चाललं. दुसरं वर्ष संपवून गेलात तर हातात ८०, तिकडं उरले ४०. निम्म्याच्या खाली. म्हणजे सगळे ८० धरले जाऊ शकत नाहीत, काहीतरी परत करावं लागणार. म्हणून बदली करायची तर पहिल्या वर्षानंतर, तिसऱ्या सेमिस्टरच्या तोंडावर. तिसऱ्या वर्षाला जायचा विचार असेल तर सोडून द्या, त्यापेक्षा चांगला रस्ता आहे, तो शेवटी सांगते.

आता दोन राज्यांचा सांगाडा. कर्नाटकानं २०२१-२२ ला राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पदवीला लावलं, देशात सगळ्यात आधी. मग सरकार बदललं आणि २०२४-२५ पासून ते काढून परत तीन वर्षांची पदवी आणली. आणि त्याच २०२४-२५ ला महाराष्ट्रानं संलग्न कॉलेजांत राष्ट्रीय धोरण सुरू केलं. म्हणजे ज्या वर्षी इकडून ते गेलं, त्याच वर्षी तिकडं आलं! तिकडं आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली अशी मांडणी आहे. तीन वर्षांना १२० ते १३२ क्रेडिट, आणि पाहिजे त्याला चौथं वर्ष ऑनर्सचं. इकडची मांडणी वेगळी. बेरीज जुळली तरी खाने जुळत नाहीत. तुमचे ४० क्रेडिट असतील, पण त्यातले मेजरचे किती, भाषेचे किती, हे तिकडच्या खान्यात बसवावं लागतं. हे बसवण्याचं काम त्या विषयाचं अभ्यास मंडळ किंवा विद्यापीठाचा पात्रता विभाग करतो.

त्यांचं काम तुम्ही सोपं करून द्यायचं. एक कागद घ्या, तीन रकाने आखा. पहिल्यात तुमचा पेपर, त्याचं नाव, कोड, क्रेडिट. दुसऱ्यात त्यांचा पेपर, तसाच तपशिलासकट. तिसऱ्यात कुठली प्रकरणं दोन्हीकडं आहेत. त्यांचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो, उतरवून घ्या. तुमचा अभ्यासक्रम प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी जोडा. नुसतं मार्क्स कार्ड घेऊन गेलात तर त्यांना पेपरचं नाव कळतं, आत काय शिकवलं ते कळत नाही, आणि कळलं नाही की माणूस नाही म्हणून मोकळा होतो. त्यात काही चूक नाही त्याची.

माझं सांगते. मी २०२१ ची, म्हणजे इकडच्या नव्या धोरणाची पहिली बॅच. जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात बीएस्सी. पहिल्या वर्षी दोन मुख्य विषय, दोन भाषा, ओपन इलेक्टिव्ह, डिजिटल फ्लुएन्सी. त्या वर्षी बाबांचं काम सुटलं. महाराष्ट्रात आत्या होती, तिच्याकडं राहिले तर खोलीभाडं आणि खानावळ वाचणार होती. घरात ठरलं, जायचं.

तिकडच्या विद्यापीठात तेव्हा जुनीच पद्धत. पहिल्या वर्षाला चार विषय, दुसऱ्याला तीन. माझे दोनच झालेले. मी असा तीन रकान्यांचा कागद करून दिला. त्यांनी माझे दोन्ही मुख्य विषय मानले, इंग्रजी मानलं. डिजिटल फ्लुएन्सी धरलं नाही. आणि तिसऱ्या विषयाचे पहिल्या वर्षाचे दोन पेपर दुसऱ्या वर्षाबरोबर सोडवायला लावले. लेखी दिलं सगळं. जड गेलं, पण वर्ष वाचलं. कारण कुठले पेपर राहिलेत हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. माझ्याबरोबरच्या एकाला हे तिसऱ्या वर्षाच्या निकालाच्या वेळी कळलं, निकाल राखून ठेवला तेव्हा. तोंडी "होऊन जाईल" वर तो दोन वर्षं बसला होता.

आता जुन्या कॉलेजचं. ना हरकत मिळाली, तिकडचा तात्पुरता प्रवेश झाला, समकक्षतेचं पत्र आलं. मग टीसी मागायला गेले. ऑफिसातून उत्तर आलं, "पुढच्या दोन वर्षांची फी भर, मग टीसी." आणि माझं एसएसएलसीचं आणि पीयूसीचं मूळ मार्क्स कार्ड त्यांच्याच कपाटात.

हे तुमच्यापैकी कुणाला ऐकावं लागलं तर घाबरू नका. यूजीसीनं २०१८ च्या ऑक्टोबरात फी परतावा आणि मूळ कागदपत्रं याविषयी अधिसूचना काढली आहे. तिच्यात दोन गोष्टी स्वच्छ आहेत. संस्थेनं मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची नाहीत. पडताळणी करून परत द्यायची, आपल्याकडं साक्षांकित प्रत ठेवायची. आणि आगाऊ फी घ्यायची ती विद्यार्थी ज्या सेमिस्टरला किंवा वर्षाला शिकणार आहे तेवढीच. पुढच्या वर्षांची नाही.

मी भांडले नाही. एक अर्ज लिहिला. "माझी मूळ कागदपत्रं आणि टीसी द्यावी. पुढील वर्षांच्या फीची मागणी कुठल्या नियमाखाली आहे ते लेखी कळवावं." खाली त्या अधिसूचनेचा उल्लेख. दोन प्रती. एक दिली, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. नवव्या दिवशी फोन आला, येऊन घेऊन जा. कुठला नियम ते मात्र कुणी शेवटपर्यंत लेखी दिलं नाही.

शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, ही एक सवय लावून घ्या. तोंडी मागणीला तारीख नसते. शिक्क्याला असते.

तरी ऐकलं नाही तर? यूजीसीचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती पाहिजे. तिनं पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. त्यानं समाधान नाही झालं तर विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील. विद्यापीठं सार्वजनिक आहेत, म्हणजे माहिती अधिकारही लागू. "माझा अमुक तारखेचा अर्ज कुणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर काय शेरा आहे" एवढं विचारलं तरी पुष्कळदा फाईल हलते. तीस दिवसांची मुदत असते, म्हणून प्रवेशाची शेवटची तारीख डोक्यावर असताना याच्यावर एकट्यावर विसंबू नका. आधी समिती, बरोबरीनं हे.

पुढचा मुद्दा नावाचा. हसू नका, यात फार पोरं अडकतात. आपल्या मार्क्स कार्डावर नाव आधी, मग बापाच्या नावाचं आद्याक्षर, आडनाव कधी असतं, कधी नसतं. महाराष्ट्रात आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं पूर्ण नाव. आधारवर तिसरंच. एबीसी खातं आधारवरून उघडतं आणि क्रेडिट विद्यापीठाच्या नोंदीवरून येतात. दोन्हीकडं नाव जुळलं नाही तर क्रेडिट दिसतच नाहीत. जन्मगावाचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बदललं, त्यामुळं एका दाखल्यावर जुनं, दुसऱ्यावर नवं. दोन्ही एकच गाव हे तुम्हाला-मला ठाऊक, बाहेरच्या क्लार्कला असेलच असं नाही. नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा, आणि विद्यापीठातली नोंद दुरुस्त करायचा अर्ज इथं असतानाच द्या. गेल्यावर त्यासाठी चार फेऱ्या होतात. आणि जे दाखले फक्त कन्नडमध्ये मिळतात, त्यांची इंग्रजी प्रत मागून घ्या.

आता पैशाचं आणि आरक्षणाचं. हे घरी बसून आई-बाबांसमोर बोलायचं, कारण हिशेब त्यांचा आहे.

राज्य बदललं की प्रवर्ग तसाच्या तसा बरोबर येत नाही. एका राज्यात अनुसूचित जाती-जमातीत असलेल्या माणसाला दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिथल्या सवलती आपोआप मिळत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९० मध्येच सांगितलंय. मागासवर्गांच्या याद्याही राज्याराज्याच्या वेगळ्या. कर्नाटकात मराठा समाज ३ब मध्ये येतो. महाराष्ट्रातला एसईबीसी प्रवर्ग हा महाराष्ट्राच्या कायद्याचा. इकडचं ३ब चं प्रमाणपत्र तिकडं एसईबीसी म्हणून चालत नाही. शिष्यवृत्तीही तशीच. इकडची एसएसपी पोर्टलवर, तिकडची महाडीबीटीवर, आणि दोन्हीकडं रहिवासाची अट बघतात. इकडची मिळत असेल तर गेल्यावर चालू राहील काय, आणि तिकडची लागू होईल काय, दोन्ही लेखी विचारा. फी माफ होईल असं धरून निघालात आणि खुल्या गटाची फी भरायची वेळ आली, असं व्हायला नको.

सीमाभागातल्या ८६५ गावांचा विषय तुम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाच्या काही सवलती या गावांतल्या मराठी भाषकांना आहेत. तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात तर महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातला उमेदवार हा वेगळा प्रकारच आहे. सीमाभागातला रहिवास आणि मराठी मातृभाषा, दोन्हींचे दाखले लागतात. पण ती सोय नव्यानं प्रवेश घेणाऱ्याची. मधल्या वर्षात बदलीनं येणाऱ्याला ती आपोआप लागू होते असं धरू नका. कुणी "सीमाभागाला सवलत आहे" म्हणालं की एकच विचारायचं: शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख सांगा. क्रमांक असेल तर सवलत आहे. नुसतं भाषणात असेल तर ती भाषणापुरतीच.

आता एक मनातलं बोलते. आपल्याकडं बदलीला उगाच भावनेचा रंग लागतो. कोण म्हणतं, "गेली, इथली लढाई सोडून पळाली." कोण म्हणतं, "अजून इथंच शिकतोस? मराठी म्हणवतोस ना?" दोन्हीकडं लक्ष देऊ नका. कुठल्या विद्यापीठात शिकतो यावरून कुणाची भाषा ठरत नाही. मराठीतून शिकायला मिळावं म्हणून जायचं असेल तर ते खरं कारण आहे, जा. घर, पैसा, तब्येत ही कारणं असतील तर तीही खरी आहेत. पण तुमचा विषय इथं चांगला शिकवतात, प्राध्यापक चांगले आहेत, आणि तुम्ही केवळ कुणाच्या बोलण्यानं निघाला असाल तर थांबा. आणि कन्नडचा पेपर दिलाय तर तो वाया गेला असंही समजू नका. तिकडं खान्यात बसला नाही तरी डोक्यात राहतो. मला आज दोन्हीकडच्या ऑफिसात बोलता येतं, कागद वाचता येतात, त्याचा उपयोग तुमच्यासाठीच होतोय की.

म्हटलं होतं चांगला रस्ता शेवटी सांगते, तो असा. ज्यांचं दुसरं वर्ष संपत आलंय, ज्यांचे पेपर राहिलेत, किंवा ज्यांचे विषय काही केल्या जुळत नाहीत, त्यांनी पदवी इथंच पूर्ण करा आणि एमए, एमकॉम, एमएस्सीला जा. हद्द ओलांडायची सगळ्यात सरळ जागा तीच. पूर्ण पदवी असते, समकक्षतेचा घोळ नाही. प्रवेश परीक्षा द्यायची, मायग्रेशन द्यायचं, संपलं. बेळगावातून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात असं जाणारे कितीतरी आहेत. दरम्यान तिकडचा एखादा विषय शिकायचाच असेल तर 'स्वयं' वर करा. विद्यापीठानं मान्य केलेल्या 'स्वयं' अभ्यासक्रमांचे क्रेडिट, यूजीसीच्या नियमात, ४० टक्क्यांपर्यंत धरता येतात. आणि २०२२ पासून एक पदवी कॉलेजात बसून आणि दुसरी दूरस्थ पद्धतीनं, एकाच वेळी करायला यूजीसीची परवानगी आहे. कॉलेज न सोडताही दार उघडतं ते असं.

आणि ज्यांना यंदाच जायचंय, त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर डिजिलॉकर उघडा. तुमचे दोन सेमिस्टरचे क्रेडिट जमा आहेत काय, नाव बरोबर आहे काय, बघा. नसतील तर उद्या कॉलेजात अर्ज, दोन प्रती, आवक शिक्का. मग त्या कॉलेजला पत्र, जागा आहे काय. मग तीन रकान्यांचा कागद. तिकडचं उत्तर सही-शिक्क्यानिशी हातात आलं, कुठले पेपर धरले आणि कुठले राहिले हे त्यात लिहिलेलं असलं, की मग जा टीसी मागायला.

तीन रकाने आखताना अडलं तर अभ्यासक्रम घेऊन या, बसून करू. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मात्र येऊ नका. त्या दिवशी मीही काही करू शकत नाही.